सपाट पावलांसाठी इनसोल: काही महिने वापरल्यानंतर

माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे दोन्ही तळवे सपाट आहेत. उभी राहिली की घोटे आत झुकतात, बुटांची टाच आतल्या बाजूने आधी झिजते. एवढ्यावर आम्ही काहीच घेतलं नसतं. पण खूप खेळणं झालं की रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून ती रडायची, आणि ते बघवत नव्हतं.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तिला आधी चवड्यावर उभं केलं. त्या क्षणी तळव्याला छान कमान आली. अंगठा वर उचलला तरी आली. म्हणजे पाऊल लवचिक आहे. लहानपणी तळव्याखाली चरबीची गादी असते, सांधे सैल असतात, त्यामुळे कमान दिसत नाही; बहुतेक मुलांमध्ये ती दहाव्या वर्षापर्यंत आपोआप तयार होते. त्यांनी स्पष्टच सांगितलं, इनसोल, म्हणजे बुटात घालायचा आधाराचा तळ, दुखणं कमी व्हावं म्हणून घ्या, कमान यावी म्हणून नको. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं: एक ते सहा वर्षांच्या मुलांना किमान तीन वर्षं खास बूट किंवा इनसोल दिले, काहींना काहीच दिलं नाही, आणि सुधारणा सगळ्यांच्याच पावलांत सारखी झाली. पाकिटावर ‘कमान घडवते’ असं छापलेलं दिसलं, तर ते मनावर घेऊ नका.

आम्ही तयार मिळणारे, टाचेला वाटीसारखा खोल आधार असलेले इनसोल घेतले. बुटातलं मूळ अस्तर काढूनच ते बसवायचे, नाहीतर टाच वर येते आणि बूट निसटतो. सुरुवातीला रोज तासभरच घातले, मग हळूहळू वेळ वाढवली. पहिल्या आठवड्यात तळव्याच्या आतल्या कडेला लाल वळ उठायचे. ते लवकर विरत असतील तर ठीक, फोड आला तर मात्र थांबावं.

फरक पडला तो रात्रीच्या दुखण्यात. पूर्ण थांबलं नाही, पण रडून उठणं जवळजवळ गेलं. लांब चालल्यावर ‘उचलून घे’ हा हट्टही कमी झाला. यात पोटऱ्यांच्या ताणाच्या व्यायामाचा वाटा किती आणि इनसोलचा किती, हे वेगळं काढता येणार नाही, कारण दोन्ही एकदमच सुरू केलं. भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीवर घट्ट ठेवून पुढे झुकायचं, एवढाच व्यायाम. पायाच्या बोटांनी रुमाल उचलायचा खेळ तिला जास्त आवडतो. घरात ती अनवाणीच असते.

अनवाणी चालवलं तर तळवा आणखी पसरेल, ही भीती मला बऱ्याच पालकांकडून ऐकायला मिळते. तसं काही होत नाही; उलट मोकळं चालताना तळव्याचे छोटे स्नायू कामाला लागतात.

तक्रारी दोन. वरचं कापड टाचेपाशी लवकर सुटलं, आणि सँडलमध्ये हे बसतच नाहीत. बूटही मागून टणक, पुढे बोटांपाशी वाकणारा हवा. मऊ, कसाही पिळता येणाऱ्या बुटात इनसोल वाया जातो.

मूल चवड्यावर उभं राहूनही कमान येत नसेल, एकाच पायाला त्रास असेल किंवा ते लंगडत असेल, तर इनसोल घेण्याआधी डॉक्टरांना दाखवाच. त्रास नसेल तर काहीच घेऊ नका. आणि घेतलेत तर दर दोन-तीन महिन्यांनी माप बघा: पाऊल वाढलं की कमानीचा उंचवटा टाचेकडे सरकल्यासारखा होतो आणि नको तिथे टोचायला लागतो.