लव्हाळ्याने भरलेलं लॉन परत हिरवं करून देणारे मामा-मावशी (नेरुळ), पूर्ण अनुभव

आमचं रो हाऊस नेरुळला, सिडकोच्या जुन्या सेक्टरमधलं, मागे १२ बाय १८ फुटांची जागा आहे. बाबा होते तोवर तिथे छान लॉन होतं, संध्याकाळी नळी घेऊन तासभर तिथेच असायचे. ते गेल्यावर ३ वर्षं कुणी बघितलंच नाही आणि आपल्याकडचे ३ पावसाळे म्हणजे काय ते सांगायला नको, टाकळा, केना, एकदांडी, कोपऱ्यात गाजरगवत आणि सगळ्यात जास्त लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. आईचे गुडघे दुखतात, लांब फिरायला जाता येत नाही, सकाळी अनवाणी चालायला तिला एवढी जागा परत हवी होती म्हणून हे सगळं.

आधी वाईट अनुभव सांगते. गेल्या वर्षी जुलैमधे एका लँडस्केपवाल्याला काम दिलं, नाव लिहीत नाही. त्यांनी वरवर गवत कापलं, २ इंच लाल माती टाकली आणि त्यावर कार्पेट लॉनच्या लाद्या अंथरल्या, एका दिवसात काम झालं, १२ हजार घेतले. दिसायला खूप सुंदर दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात लाद्यांच्या फटीतून लव्हाळ्याची टोकं वर आली, गणपतीपर्यंत अर्ध्या जागेत तोच, आणि दिवाळीनंतर लाद्या अक्षरशः हातात उचलून येत होत्या, खाली मुळंच धरली नव्हती. फोन केला तर पाणी कमी पडलं म्हणाले आणि विषय संपवला. आई काही बोलली नाही पण चपला घालूनच मागे जायला लागली, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग मार्चमधे शेजारच्या काकूंनी ह्या मामांचा नंबर दिला. मूळचे जुन्नरकडचे, नवरा-बायको दोघं मिळून बागेची कामं घेतात, दुकान नाही, बोर्ड नाही. मामांनी आल्या आल्या खुरप्याने एक लव्हाळा खोलवर उकरून काढला आणि माझ्या हातात दिला, एका बारीक मुळीला माळेसारख्या ५ काळ्या गाठी. म्हणाले, "ताई, वरून उपटलं की पान येतं हातात, गाठ राहती खाली. अन् एक जरी राहिली ना, तिच्या धा व्हतात." त्यांनी एक गाठ फोडून वास दाखवला, एकदम दिवाळीच्या उटण्याचा! उटण्यात नागरमोथा असतो हे माहीत होतं पण तो हाच हे आईलाच माहीत होतं, मला नाही. मावशींनी त्या गाठी वेगळ्या काढून वाळत घातल्या.

मी औषध मारून टाका म्हटलं होतं. मामांनी सरळ नाही म्हटलं, आजी अनवाणी चालणार तिथे नको, आणि मारलं तरी पान जळतं, खोल झोपलेल्या गाठींना काही होत नाही. ग्लायफोसेट नावाचं तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच मारून घ्यायचं अशी केंद्र सरकारची अधिसूचना २०२२ मधे निघालीय तेही लक्षात ठेवा, दुकानातून आणून घरी मारत बसू नका.

कामाची पद्धत मला सगळ्यात आवडली. एप्रिलमधे पूर्ण जागा ८ इंच खणली, खाली निम्मा मुरूम आणि बांधकामाचं प्लास्टर निघालं, ते सगळं चाळून बाहेर काढलं. हुमणीच्या अळ्याही निघाल्या, त्या कावळ्यांनी खाल्ल्या. मग लगेच गवत न लावता मोकळ्या मातीला रोज पाणी घालायला सांगितलं. मला वाटलं कशाला, पण १२-१५ दिवसांत सगळं तण उगवून वर आलं आणि दोघांनी बसून एकेक गाठीसकट काढलं. परत पाणी, परत उगवण, परत खुरपणी, असं ३ वेळा केलं, भर उन्हात. मावशींचा हात इतका बारीक चालतो की त्या गेल्यावर मी मुद्दाम शोधलं तर मला २ गाठी सापडल्या फक्त.

माती पण त्यांनीच बनवली, लाल माती, रेती, जुनं शेणखत आणि निंबोळी पेंड. नर्सरीतून आलेली शेणखताची पहिली गोणी त्यांनी परत पाठवली, ओलं होतं, अशा कच्च्या खतातून तणाचं बी येतं म्हणून. जूनमधे पहिले २-३ पाऊस झाल्यावर लाद्यांऐवजी काड्या लावल्या, सिलेक्शन नंबर वन, ४-४ बोटांवर. हे गवत हरळीच्याच जातीचं, त्याला भरपूर ऊन लागतं म्हणून आंब्याच्या सावलीत लावायला मामा तयारच नव्हते, तिथे कडप्प्याचे तुकडे टाकून दिले. म्हणजे लॉन आधीपेक्षा लहान झालं, पण जेवढं आहे तेवढं भरगच्च.

जुलैच्या मोठ्या पावसात एका कोपऱ्यात पाणी साचून गवत पिवळं पडलं. उतार आधीच नीट द्यायला हवा होता, ही त्यांची चूक आणि ती त्यांनी मान्य केली, येऊन चर काढून दिला, जास्त पैसे घेतले नाहीत. दुसरी तक्रार म्हणजे फोन उचलत नाहीत, उद्या येतो म्हणाले की परवा धरून चाला, आणि बिल मिळत नाही.

खर्च : दोघांची मजुरी दिवसाची १६००, असे ९ दिवस म्हणजे १४,४०० आणि सामान ५,२००, एकूण १९,६००. महाग वाटेल, पण मला आधीच्या १२ हजारांचं दुःख जास्त आहे.

पहिली कापणी ऑगस्टमधे मामांनी स्वतः केली, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त कापायचं नाही हे मला करून दाखवलं. लव्हाळा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही, ऑगस्टमधे आठवड्याला ४० तरी कोंब निघायचे, आता ६-७ निघतात, ते मी रविवारी खुरप्याने गाठीसकट काढते. आई रोज सकाळी २० मिनिटं चालते, अनवाणी.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा त्या उताराचा आणि फोनचा. पुढच्या वर्षी करून घ्यायचं असेल तर मार्चमधेच बोलून ठेवा, खणायला एप्रिल-मेचं ऊन लागतं आणि जूनमधे ते मोकळे नसतात.