तट्टू विकावं की ठेवावं?

मुलगी उंच झाली, तिचे पाय तट्टाच्या पोटाखाली लोंबायला लागले की प्रश्न येतोच. खोगिरासकट ओझं तट्टाच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांपुढे नको. 200 किलोच्या तट्टाला 40 किलो, बस्स.

ठेवायचं तर दाणा-कडबा आहेच, शिवाय दर 6 ते 8 आठवड्यांनी खूर तासायला नालबंद, आणि नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांत सावली-पाणी. तट्टू 25-30 वर्षंही जगतं! नुसतं बांधून खाऊ घातलं तर अंगानं सुटतं, मग खूर सुजून लंगडतं.

विकलं तर खर्च थांबतो. पण वरातीवाल्याकडे गेलं की डीजे, फटाके, तापलेलं डांबर. मी तरी नागपूरजवळ हिंगण्याकडे शेत असलेल्या, लहान पोरं असलेल्या ओळखीच्या घरीच देईन, चार पैसे कमी आले तरी. आधी एवढं बघा: खरारा, म्हणजे तट्टाचं अंग ब्रशनं घासणं, अजून मुलगीच करते, की गडी?