अनियमित क्रियापदांची चित्रकार्डे : शालेय वर्षभर वर्गात वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा दुसरीच्या वर्गासाठी मी इंग्रजीतील अनियमित क्रियापदांचा, म्हणजे ज्यांचे भूतकाळी रूप ‘-एड’ लावून होत नाही अशा क्रियापदांचा, एक चित्रकार्डसंच घेतला. तो वर्षभर नियमित वापरला आणि वार्षिक परीक्षा पार पडल्यानंतर आता त्याविषयी लिहीत आहे. आमची शाळा मराठी माध्यमाची आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असल्यामुळे दुसरीतल्या मुलांना वस्तूंची, रंगांची, प्राण्यांची नावे बरीच येतात. परंतु काल घरी काय झाले ते इंग्रजीत सांगायला लावले की ती क्रियापदापाशी अडतात. ‘व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री’ (‘गो, वेन्ट, गॉन’ यांसारखी क्रियापदाची तीन रूपे) अशा तीन रकान्यांची यादी पाठ करून घेण्याची पद्धत सात वर्षांच्या मुलांना उपयोगी पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण यादी घडाघडा म्हणणारे मूल बोलताना त्यातला एकही शब्द वापरत नाही.

या संचात तिसरा रकाना नाहीच, आणि हा निर्णय मला सर्वांत योग्य वाटला. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला क्रिया चालू असलेली दिसते आणि दुसऱ्या बाजूला ती होऊन गेलेली. ‘ड्रिंक’च्या कार्डावर एक मुलगी दूध पीत आहे, कार्ड उलटले की रिकामा पेला, तिच्या ओठांवर दुधाची पांढरी रेघ आणि खाली ‘ड्रँक’ हा शब्द. क्रिया संपली आहे हे चित्रच सांगते, त्यामुळे भूतकाळ म्हणजे काय हे मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. ‘नो–न्यू’ आणि ‘थिंक–थॉट’ यांची चित्रे मात्र फसली आहेत, कारण डोक्याला हात लावून बसलेला मुलगा दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो.

कार्डांची मांडणी वर्णानुक्रमे नसून उच्चाराच्या साम्यानुसार आहे : सिंग–सँग, रिंग–रँग, ड्रिंक–ड्रँक हा एक गट, ग्रो–ग्रू, थ्रो–थ्रू, ब्लो–ब्लू हा दुसरा, कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, स्वीप–स्वेप्ट हा तिसरा. मुलांचा कान तालाला चटकन पकडतो, म्हणून ही मांडणी चांगलीच आहे. पण गो, कम, सी, डू, हॅव, गेट ही क्रियापदे संचात अगदी शेवटी ठेवली आहेत, ते मला पटले नाही. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहाही क्रियापदे अनियमित आहेत आणि मुलाला पहिल्या दिवसापासून लागतात ती हीच. मी तो क्रम उलटा केला आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत केवळ याच नेहमीच्या क्रियापदांवर भर दिला.

गटांमुळे एक अडचणही निर्माण होते. ‘सँग’चा गट झाल्यावर एका मुलीने आजीने गावाहून लाडू आणल्याचे सांगताना ‘ब्रँग’ असे म्हटले. त्याच मुलीच्या तोंडी त्याआधी ‘ब्रिंग्ड’ होते, म्हणजे तिने एका नियमाऐवजी दुसरा नियम लावून पाहिला होता. अशा वेळी चूक दाखवून मुलाला थांबवू नये. आपणच बरोबर रूप वापरून संभाषण पुढे न्यावे. मी तिला “ओह, आजी ब्रॉट लाडूज!” एवढेच म्हटले आणि लाडू कशाचे होते ते विचारले. ‘ब्रॉट’ तिच्या तोंडी रुळायला बराच काळ गेला, पण तो शब्द तिच्या बोलण्यात आपणहून आला.

पालकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. आधी ‘वेन्ट’ बरोबर म्हणणारे मूल मध्येच ‘गोएड’ म्हणू लागले, तर ते मागे पडलेले नसते. त्याला ‘-एड’ हा नियम गवसलेला असतो. भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना चित्रांबरोबर पूर्णपणे बनावट शब्द दिले होते, आणि कधीही न ऐकलेल्या क्रियापदांनाही मुलांनी नियमाप्रमाणे भूतकाळाचा प्रत्यय लावला होता. आपली मुले मराठीत ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतात तेव्हा आपण कौतुकाने हसतो. तीच समजूत इंग्रजीच्या बाबतीतही दाखवायला हवी.

संचातील सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यात प्रश्न आणि नकार यांचा विचारच केलेला नाही. मराठीत ‘तू गेलास का?’ आणि ‘मी गेलो नाही’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद भूतकाळीच राहते, म्हणून आपली मुले ‘डिड यू गो?’ऐवजी ‘डिड यू वेन्ट?’ असे अगदी स्वाभाविकपणे विचारतात. यासाठी मी जाड पुठ्ठ्यावर ‘डिड’ आणि ‘डिडन्ट’ अशी दोन लाल कार्डे तयार केली. लाल कार्ड टेबलावर आले की क्रियापदाचे कार्ड उलटून पुन्हा पहिल्या बाजूवर ठेवायचे, एवढाच नियम. मुले तो हातांनी शिकली, आणि हळूहळू ‘डिड’ ऐकताच वर्गातली इतर मुले बोलणाऱ्याला हाताने ‘उलट, उलट’ अशी खूण करू लागली.

पुट, कट, हिट, शट यांच्या कार्डांवर दोन्ही बाजूंना एकच शब्द आहे. मुलांना ती छपाईतील चूक वाटली. तेव्हा ही क्रियापदे बदलत नाहीत हे आधीच सांगून ठेवावे. ‘रीड’च्या बाबतीत उलटे आहे, तेथे अक्षरे तीच राहून उच्चार ‘रेड’ होतो, म्हणून ते कार्ड मी मुलांसमोर वर्षाच्या अखेरीस आणले.

सोबतच्या ध्वनिफितीतील उच्चार स्पष्ट आहेत. कार्डांवरील प्लॅस्टिकचा थर मात्र पावसाळ्यातच कोपऱ्यांवर सुटू लागला, त्यामुळे संच घेतल्याबरोबर तो वेगळा लॅमिनेट करून घेणे बरे. घरी एकाच मुलासाठी घेणाऱ्यांनी सगळी कार्डे एकदम काढू नयेत. चार-पाच निवडावीत आणि रात्री जेवताना त्यांच्याच आधारे मुलाला दिवसभराची हकिकत सांगायला लावावी. तिसरी-चौथीतल्या, सहज वाचू शकणाऱ्या मुलांना हा संच अपुरा पडेल. त्यांच्यासाठी लहान गोष्टींची पुस्तके घेणे अधिक योग्य.