संधिवात, शिलाई आणि रोजच्या पंधरा भाकऱ्या : व्यवसायोपचाराचे सात महिने

डिसेंबरात डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘व्यवसायोपचार’ लिहून दिलं. जाऊबाईंनी ते वाचून विचारलं, “आता कुठला व्यवसाय काढताय ओ?” खरं सांगायचं तर मलाही नीट कळलं नव्हतं. हाताचा व्यायाम करून घेतील, शेक देतील, एवढीच अपेक्षा. निघालं भलतंच : रोजची कामं दुखणं न वाढवता कशी करायची, ते शिकवणारा हा उपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी.

मला तीन वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे. गोळ्यांनी सूज आटोक्यात आली, पण सकाळी दीड तास बोटं वळत नव्हती, आणि नेमकी तीच वेळ चहाची, डब्यांची, भाकऱ्यांची. दुपारी शाळेच्या गणवेशांची शिलाई. सोलापुरात हे काम घरोघरी चालतं, त्यामुळे माल मिळतो, पण मार्च ते जून श्वास घ्यायला उसंत नसते.

पहिल्या दिवशी उपचार करणाऱ्या मॅडमनी हाताला हातसुद्धा लावला नाही. वही दिली आणि म्हणाल्या, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता ते वेळेसकट लिहून आणा. मला राग आला, इतके पैसे देऊन गृहपाठ! लिहिल्यावर मात्र दिसलं, की दुपारच्या आत मी नऊ वेळा जिना चढत होते आणि पंधरा भाकऱ्या, कणीक, धुणं हे सगळं एका दमात उरकत होते. दुखणं त्याच्या पुढचे दोन दिवस.

त्यांनी दिलेला एक नियम मी आजही पाळते. काम झाल्यावर दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं, तर ते काम जास्त झालं. पुढच्या वेळी कमी करायचं किंवा रीत बदलायची. दुसरं, लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्यायचं. पिशवी बोटांत लटकवायची नाही, कोपराच्या घडीत किंवा खांद्यावर घ्यायची. पातेलं दोन्ही तळव्यांवर उचलायचं. फडकं पिळायचं नाही, नळाला अडकवून दोन्ही पदर ओढायचे. बोटं करंगळीकडे ढकलली जातील असा जोर टाळायचा, कारण या आजारात ती त्याच बाजूला कलत जातात.

भाकरीवर आमचा वाद झाला. “पीठ सूनबाई मळू देत,” मॅडम म्हणाल्या. सासूबाई घरी ऐकून म्हणाल्या, “हाताची सवय मोडली की हात जातो. हे सगळं नवीन खूळ.” (नवीन नाही. मुंबईत केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी १९५० साली या उपचाराचं शिक्षण सुरू केलं. हे मी सासूबाईंना ऐकवलं. काही फरक पडला नाही.) शेवटी तडजोड झाली. उकड काढून गरम पीठ मळायचं, ते बोटांनाही बरं वाटतं. परात ओट्यावर नाही, खालच्या स्टुलावर, म्हणजे जोर अंगाचा येतो. आणि पंधरातल्या सहाच माझ्या. बरा दिवस असला की कडक भाकरी करून ठेवते. आठवडा निघतो. आमच्या आज्यांनी दुखण्याच्या दिवसांची सोय आधीच करून ठेवली आहे म्हणायची! शेंगा चटणीचं उखळ मात्र सोडलं. मिक्सरची चटणी तेल सोडत नाही, चव लागत नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी घागरी उचलणं हाच माझा सगळ्यात मोठा शत्रू होता. लांब नळी आणि लिव्हरचा नळ, एवढ्यावर भागलं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

साधनांबद्दल स्पष्ट सांगते. बाटली उघडायचं ६५० रुपयांचं यंत्र धूळ खात पडलंय. रबराचा तुकडा पुरतो. उलट एसीच्या पाइपावर घालतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानातून आणून सुरी, झारा, लाटणं, पेन सगळ्यांवर चढवला. खर्च नगण्य, उपयोग रोजचा. ब्लाउजच्या हुकांऐवजी टिचबटणं मी स्वतःच लावली. मशीनला मोटार बसवली. सुईत दोरा ओवणं अजून नातीकडेच.

रात्री घालायचा स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा प्लॅस्टिकचा साचा, दुसऱ्या एका ठिकाणी करून घेतला होता. पट्टा घट्ट, मनगटाच्या हाडावर वळ उठला. ‘सवय होईल’ असं उत्तर मिळालं. सवय झाली नाही, आमच्या मॅडमनी कड गरम करून बाहेर वळवली तेव्हा थांबलं. वळ उठत असेल तर सहन करू नका. दुसरी चूक माझी. हा प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करूनच हाताला आकार देतात. मी मे महिन्यात धुऊन छतावरच्या पत्र्यावर वाळत टाकला. तासाभरात पापडासारखा वाकडा! १८०० रुपये गेले.

आजार गेलेला नाही. मधे एकदा बोटं पुन्हा सुजली, तेव्हा औषध बदलावं लागलं, तिथे या उपचाराचा काही इलाज नव्हता. पण या जूनला मी माल परत पाठवला नाही. आधीच्या वर्षी दोनदा पाठवला होता.

जाणार असाल तर एकच. बहुतेक जण अकरानंतरची वेळ मागतात, तोवर हात सुटलेले असतात आणि सगळं ठीक दिसतं. मी भांडून सकाळी साडेआठची घेतली. शर्टाचं बटण लावायला मला चार मिनिटं लागली, तेव्हा मॅडम पहिल्यांदा खुर्ची ओढून जवळ बसल्या.