मागचे ड्रम ब्रेक आणि हाउसिंग: दुरुस्तीनंतर नऊ महिने

गाडी जुनी आहे. एअर ब्रेक, मागे एकच अ‍ॅक्सल, जोडचाकं आणि चारही ठिकाणी ड्रम. मागच्या अ‍ॅक्सलचं काम करून नऊ महिने झाले आणि त्यात साधारण ३१ हजार किलोमीटर पडले. नवे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचा घर्षणाचा थर), नवे ड्रम, सील, ऑटोमॅटिक स्लॅक अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधली फट आपोआप जुळवणारा भाग) आणि तापमान मोजायची एक गन, एवढं सगळं त्या वेळी घेतलं. त्यातलं काय टिकलं ते लिहितोच, पण आधी दोष सापडायला एवढा वेळ का लागला ते सांगतो. त्यात चुका आमच्याच जास्त.

तक्रार साधी होती. रिकामी गाडी, ओला रस्ता, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे खेचायची. डावीकडे खेचते म्हणजे डावा ब्रेक जास्त पकडतोय, असं म्हणून एका कारागिराने डाव्या मागच्या चाकाचा स्लॅक सैल केला. खेचणं थांबलं. मी खूश. चार दिवसांनी भरलेली गाडी लांब उतारावर घेतली तेव्हा कळलं की ब्रेक सरळ लागतोय खरा, पण लागतोच कमी. पायाखाली हवा खर्च होतेय आणि गाडी हवी तशी दबत नाही. चांगला ब्रेक बिघडवून त्याला वाईटाच्या पंगतीला बसवला होता.

घरी येऊन ब्रेकच्या चेंबरमधून, म्हणजे हवेच्या दाबाने दांडा ढकलणाऱ्या डब्यातून, दांडा जिथून बाहेर येतो तिथे खडूची खूण केली. चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावल्या, पार्किंग ब्रेक सोडला, टाकीत ९० पीएसआय हवा ठेवली आणि एकाला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगितला. सैल केलेल्या डाव्या बाजूचा स्ट्रोक, म्हणजे दांडा बाहेर येण्याचं अंतर, ५५ मिलिमीटर भरला. ३० नंबरच्या साध्या चेंबरला २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर ही शेवटची हद्द. त्यात गरम झाल्यावर ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो आणि स्ट्रोक आणखी वाढतो. थंड गाडीतच हद्द ओलांडलेली, मग उतारावर काय उरणार?

डावा पुन्हा जागेवर आणला. आता दोन्हीकडे स्ट्रोक जवळजवळ सारखा आला, आणि गाडी पुन्हा डावीकडे खेचायला लागली. इथे गन कामाला आली. नेहमीसारखी बारा किलोमीटर चालवली, थांबलो, आणि चाकाच्या खिडकीतून दोन्ही ड्रम मोजले. डावा ११८ अंश, उजवा ६१. माझं बोट लगेच डाव्याकडे गेलं. आमच्या मिस्त्रींनी मान हलवली. म्हणाले, ‘अहो, तापलेला काम करतोय. गार आहे त्याला विचारा.’

हे वाक्य मी डोक्यात कोरून ठेवलंय. ब्रेक न लावता चालवलेल्या गाडीत एखादं चाक तापत असेल तर तो ब्रेक चिकटतोय, किंवा बेअरिंग चाललंय. ब्रेक लावत चालवलेल्या गाडीत मात्र गार ड्रम हा गुन्हेगार. आमच्याकडे तर स्ट्रोक सारखा आणि ड्रम गार. म्हणजे दांडा ढकलतोय, कॅम (शू पसरवणारा भाग) फिरतोय, शू ड्रमला टेकतायत, पण घासत नाहीत, घसरतायत.

चाकांकडे पाहिल्यावर उत्तर समोरच होतं. उजव्या आतल्या टायरच्या आतल्या भिंतीवर काळपट ओले ओघळ. ओघळ बाहेरच्या बाजूला, फ्लँजच्या नटांपासून फाकलेले असते तर अ‍ॅक्सल शाफ्टची गॅसकेट गेली असती. आतून आले म्हणजे हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) सील. बोटावर घेऊन वास घेतला. गंधकासारखा तो उग्र वास गिअर ऑइलचाच, ग्रीसला सहसा तो नसतो. आमचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग आहे. गाडीचं वजन हबच्या दोन बेअरिंगवर, शाफ्ट फक्त ओढ देतो. चाक न उचलता शाफ्ट उपसता येतो ही सोय मोठी, पण त्याच पोकळीतून डिफरेन्शियलचं (दोन्ही चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरांचं) तेल हबपर्यंत पोचतं. सील गेलं की पुढचा मुक्काम लायनर.

इथे दुसरी चूक. फक्त उजवं सील बदललं आणि फक्त उजवेच लायनर घातले, डावे ‘अजून बरे आहेत’ म्हणून ठेवले. एका अ‍ॅक्सलच्या दोन बाजूंना वेगळे लायनर म्हणजे खेचणं स्वतःच्या हाताने बसवणं. तेलाने भिजलेले लायनर धुऊन, भाजून पुन्हा वापरायचा सल्लाही मिळाला होता, तो तेवढा ऐकला नाही. तेल आत मुरलेलं असतं, गरम झालं की पुन्हा वर येतं.

सहा आठवड्यांत उजवा टायर परत ओला. नवं सील! मी सील विकणाऱ्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो. मिस्त्रींनी मात्र गाडी नुकतीच आलेली असताना हाउसिंगचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या कवचाचा, तेल भरायचा बूच हळूच सैल केला. फुस्स करून हवा सुटली, चांगली दोन-तीन सेकंद. हाउसिंगच्या वर अंगठ्याएवढा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी तोटी, असतो. आमचा चिखल आणि जुन्या रंगाखाली इतका गडप झाला होता की तो आहे हे मला माहीतच नव्हतं. तेल तापतं, आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नाही, मग ती तेलाला घेऊन सगळ्यात कमजोर जागेतून निघते. आमची कमजोर जागा उजवं सील. स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतो त्या नळीवर) सील बसतं तिथे नखाला अडकेल अशी चरही पडली होती, म्हणून प्रत्येक वेळी उजवीकडूनच गळत होतं.

मग सगळं एकदाच केलं. नवा ब्रीदर, स्पिंडलच्या चरीवर पातळ स्लीव्ह, दोन्ही सील, दोन्ही बाजूंचे लायनर. डाव्या ड्रमवर निळसर डाग आणि बारीक तडे होते, बिचाऱ्याने दोघांचं काम केलं होतं. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. आमचे दोन्ही त्याच्या इतके जवळ होते की लेथवर काढायला मांसच नव्हतं, म्हणून जोडीने नवे घेतले. जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आणि पार्किंगच्या स्प्रिंग चेंबरचा क्लॅम्प तर स्वतः उघडूच नका, आतली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

आता नऊ महिन्यांचं.

लायनर उत्तम. रोज मोजत नाही, पण सर्व्हिसला शूच्या मध्यावर पाहतो, झीज दोन्हीकडे सारखी आहे. तिथे ६ मिलिमीटरच्या आसपास आले की बदलायचे, त्याला अजून बराच वेळ आहे. ड्रमचा फरक आता दहा-बारा अंशांच्या वर जात नाही. गनबद्दल एवढंच की रोज एकाच जागेवर, एकाच अंतरावरून मोजा. चकचकीत धातूवर ती सर्रास कमी दाखवते, गंजकट ड्रमवर बरोबर. फरक बघायला घ्यायची, आकड्यावर फार विसंबायचं नाही.

पाचव्या महिन्यात ४५-५० च्या वेगाला घरघर सुरू झाली. क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलचे मुख्य गिअर) गेलं म्हणून माझ्या पोटात गोळा. पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला-सोडला तरी आवाज तोच, पिनियनचा असता तर बदलला असता. उलट डाव्या वळणावर वाढायचा, कारण तेव्हा भार उजव्या चाकावर जातो. चाक उचलून वर-खाली हलवलं तर ठकठक. आम्हीच हबचं नट ढिलं सोडलं होतं. आतल्या बेअरिंगच्या कपावर डाग पडलेले, कप-कोन जोडीने बदलले, आणि या वेळी अंदाजाने न करता डायल गेज लावून खेळ मोजला. तो ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटरच्या आत हवा. हाताला तेवढा खेळ कळत नाही, निदान माझ्या तरी.

ऑटोमॅटिक स्लॅकबद्दल माझं मत दोन्ही बाजूंनी आहे. चाकाखाली घुसायचं काम गेलं हे खरं. पण सातव्या महिन्यात उजवा स्ट्रोक वाढलेला दिसला आणि पाना हातात घ्यायचा मोह झाला. ऑटोमॅटिकला हाताने आवळलं की दोन दिवस बरं वाटतं, दोष तिथेच राहतो. कॅमशाफ्ट धरून वर-खाली हलवला तर तो ज्यात फिरतो ते बुश झिजलेलं. बुश बदललं, स्ट्रोक आपोआप ४० मिलिमीटरवर आला. बदलताना कॅमच्या सीलचं तोंड स्लॅककडे ठेवलं, म्हणजे जास्तीचं ग्रीस स्लॅकच्या बाजूने बाहेर पडतं, लायनरवर जात नाही. हे उलटं बसवलेलं मी दोन गाड्यांत पाहिलंय.

सील मात्र कोरडं. त्या सील विकणाऱ्याची मनातल्या मनात माफी मागून झाली. ब्रीदरला नळी जोडून ती चॅसिसवर उंच नेलीय, आणि तेल भरताना गाडी सपाट जागी ठेवून बुचाच्या खालच्या कडेपर्यंतच भरतो, ‘थोडं जास्त बरं’ बंद.

एक तक्रार उरलीय. रात्री पाऊस पडून गेला की सकाळी पहिल्या दोन ब्रेकला उजवं चाक किंचाळतं. तिसऱ्याला गप्प.