काचेवर स्फटिकनक्षी: ६० वॅटचा सीओटू लेझर, वर्षभराच्या वापरानंतर

दारावरच्या नावाच्या पाट्या आणि देव्हाऱ्याची काचेची दारं हे आमचं मुख्य काम. आधी सगळं सँडब्लास्टिंगने (वाळूचा जोरदार झोत मारून काच खरवडणं) करायचो. गेल्या वर्षी ६० वॅटचं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं, लेझर मशीन घेतलं, आणि तेव्हापासून सगळ्यात जास्त मागणी आहे ती हिमकणांसारख्या सहा पाकळ्यांच्या स्फटिकनक्षीला. एवढ्या बारीक रेषा स्टेन्सिल कापून सँडब्लास्टिंगला निघतच नव्हत्या. त्या कामासाठी मी या मशीनवर पूर्ण समाधानी आहे.

याचा किरण १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा. साधा उजेड काचेतून आरपार जातो, हा मात्र वरच्या पातळ थरातच शोषला जातो. तेवढी जागा क्षणात तापते, लगेच निवते आणि तिथे सूक्ष्म तडे जातात. नक्षीचा दुधी रंग म्हणजे त्या तड्यांवरून विखुरलेला उजेड. गिऱ्हाईक विचारतात, हे खरे स्फटिक का? नाही. काचेत खरे स्फटिक घडवण्यासाठी लेझर वेगळा आणि काचही वेगळी लागते. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेतल्या संशोधकांनी टोकियोतल्या सहकाऱ्यांबरोबर फेम्टोसेकंद लेझरने (अतिसूक्ष्म काळाचे झटके मारणारा) टेल्युराइट काचेवर (टेल्युरियम हे मूलद्रव्य असलेली काच) रेषा ओढल्या. तिथे टेल्युरियमचे नॅनोस्फटिक तयार झाले आणि उजेड पडल्यावर त्या काचेतून वीज मिळाली! आमच्यासारख्यांच्या हाती ते तंत्र येईल तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन.

आता रोजच्या वापराचं. काचेवर ठिपके फार जवळ पाडले की शेजारच्या ठिपक्यांची उष्णता एकत्र होते आणि कपच्या उडतात. कड खरबरीत होते, बोटाला लागते. म्हणून मी ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) वर जात नाही. चित्रातला गडद काळा आधीच राखाडी करून घेतो, म्हणजे ठिपके सुटे राहतात. वेग जास्त, पॉवर कमी. आणि काचेवर ओला टिश्यू कागद, खाली हवेचा एकही बुडबुडा न ठेवता. कागदातलं पाणी जादा उष्णता ओढून घेतं. या कागदाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सेटिंगने पडत नाही.

साध्या फ्लोट काचेवर (खिडकीला असते ती) नक्षी छान उठते. बोरोसिलिकेट (प्रयोगशाळेतल्या भांड्यांची काच) तापल्यावर कमी प्रसरण पावते, त्यामुळे तिच्यावर पांढरेपणा फिका येतो. टफन (तापवून मजबूत केलेली) काच मी मशीनवर ठेवतच नाही. तिच्या पृष्ठभागात मुद्दाम दाब साठवलेला असतो. तडा त्याखाली उतरला तर अख्खी काच चुरा होऊन पडते. टफन काचेच्या पार्टिशनचं काम आलं की सरळ फ्रॉस्टेड फिल्म (वरून चिकटवायची दुधी फिल्म) सुचवतो.

खरी अडचण उन्हाळ्याची. लेझरचा किरण जिच्यात तयार होतो त्या ट्यूबला थंड ठेवणारं पाणी २५ अंशांच्या आत हवं. मशीनबरोबर आलेला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नुसता पंखा-रेडिएटरचा होता, आणि तो पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊच शकत नाही. एप्रिलमध्ये दुपारी काम बंद ठेवून रात्री करावं लागलं. शेवटी कॉम्प्रेसरवाला चिलर घेतला. मशीन घेणाऱ्यांनी हा खर्च पहिल्याच दिवशी धरावा, विक्रेता काहीही म्हणो. पाणीही डिस्टिल्डच. उडणारी काचेची धूळ छातीला वाईट, म्हणून एक्झॉस्ट आणि मास्क यांत तडजोड नको.

एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. सीओटू लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातलं. आपल्याकडच्या किती वर्कशॉपमध्ये ही ट्यूब रोज पेटते, आणि किती कमी जणांना हे नाव माहीत आहे!

फोटो कोरायचे असतील तर काचेवर चेहऱ्याच्या छटा नीट येत नाहीत, त्यासाठी ॲक्रिलिक बरं. ग्लास आणि बाटल्यांसाठी रोटरी जोड (वस्तू फिरवत ठेवणारा) वेगळा घ्यावा लागतो. सपाट काचेवर बारीक नक्षी हेच मुख्य काम असेल, तर मात्र ६० वॅट भरपूर झाले. जास्त वॅटची ट्यूब फक्त जाड ॲक्रिलिक किंवा लाकूड कापणाऱ्यांनी घ्यावी.