नान्नजच्या माळावरची गाइडसोबतची पक्षिफेरी : संध्याकाळ पैसे वसूल, दुपार वाया

सोलापूरहून पहाटे सव्वापाचला निघायचं, सकाळ नान्नजच्या माळावर, दुपार हिप्परगा तलावावर आणि संध्याकाळी पुन्हा माळ, अशी ही एका दिवसाची फेरी. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालते. सहा माणसं, एक गाइड, एक जीप, एक स्कोप (तिपायीवरची लांब पल्ल्याची दुर्बीण). माणशी ₹१,८००. त्यात प्रवास, नाश्ता, जेवण आलं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं प्रवेश शुल्क आणि कॅमेऱ्याचे पैसे वेगळे.

नान्नज बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. स्वतःची गाडी काढून कुणीही जाईल, मग अठराशे कशाचे? हिमालयाच्या दऱ्यांत हिवाळ्याआधी निघालेले शिकारी पक्षी डोंगराच्या कडेकडेने ठरलेल्या वाटेने जातात. योग्य जागी नुसतं बसून राहिलं तरी डोक्यावरून जाताना दिसतात. आपला माळ सपाट आणि उघडा. इथे पक्षी पांगतात, आणि जिथे गवत आणि नाकतोडे तिथे ते, त्यामुळे गेल्या वर्षीची जागा यंदा ओस पडलेली असू शकते. चराईतून कुठला पट्टा वाचला, कुठला पेटला, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याबरोबर जाण्यातच अर्थ. या फेरीच्या गाइडला ते ठाऊक आहे. पैसे त्याचेच.

माळढोक दिसेल का, हे विचारू नका. अभयारण्य १९७९ मध्ये त्याच्यासाठीच झालं, पण आता इथे तो दिसणं ही बातमी असते. या लोकांनी जाहिरातीत त्याचा फोटो टाकलेला नाही, हे आवडलं.

सकाळचे पहिले दोन तास भरगच्च. साडेसहाच्या आत उजाडतं, तोवर जीप माळावर पोचलेली असते. बाभळीच्या शेंड्यावर नुकताच उतरलेला गप्पीदास, ओलसर खळग्यात पिवळे धोबी, जमिनीलगत डोंबारी. धाविक दिसला की गाइड गाडी आडवी घालतो, ऊन पाठीशी घेतो, इंजिन बंद करतो आणि सगळ्यांना पलीकडच्या दाराने उतरवतो. धाविक चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. त्याच्यामागे गाडी घातली की उडालाच. दहा मिनिटं गप्प बसलात तर बहुतेक वेळा स्वतःच जवळ येतो. ऑक्टोबरमध्ये गेलात तर तारांवरचा प्रत्येक चास, म्हणजे आपला नीलपंख, नीट बघा. आफ्रिकेच्या वाटेवरचा युरोपीय नीलपंख अशा वेळी मध्येच टपकतो. आपल्या चासाची छाती तपकिरी आणि रेघांची, पाहुण्याचं डोकं आणि छाती सलग फिकट निळी.

स्कोपचं काम नऊ-साडेनऊपर्यंतच. पुढे जमीन तापून हवा थरथरायला लागते आणि साठपट मोठं करून बघितलं तरी नुसता लगदा दिसतो. वीस-पंचवीसवर ठेवा, किंवा सरळ मिटून ठेवा.

नाश्त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. तक्रार नाही.

तक्रार दुपारची. हिप्परग्यावर पोचायला साडेअकरा होतात. ऊन डोक्यावर, बदकं मधोमध पाण्यात, थापट्या कुठला आणि तलवार बदक कुठलं हे सांगताना गाइडचीही दमछाक. पाऊस चांगला झाला असेल तर तलाव काठोकाठ भरलेला असतो; चिखलाचा काठच उघडा नसला तर तिथे चरणारे तुतवार बसणार कुठे? फ्लेमिंगोंचंही तेच. उजनीचं पाणी ओसरून गाळ उघडा पडल्यावर ते जमतात, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास त्यांची आशा धरू नये. हा तलाव यादी फुगवायला घेतलाय, असं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी जेवून दोन तास सावलीत आडवं होऊ दिलं तर बरं.

कारण खरा खेळ साडेचारनंतर. भोवत्यांचा (हॅरियर, माळावरचे शिकारी पक्षी) रातथारा, म्हणजे दिवसभर पांगलेले पक्षी रात्रीपुरते एका गवतात जमिनीवर उतरतात ती जागा. जीप रस्त्यावरच थांबते, बसायचं किमान दोनशे मीटर लांब. सव्वापाचपासून एकेक भोवत्या जमिनीलगत तरंगत येतो, आधी उघड्या जमिनीवर किंवा दगडावर बसतो, मग अंधारताना गवतात टपकतो. इथे दोन जाती ओळखायच्या. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावर वरून एक काळी पट्टी दिसते. पांढुरक्या भोवत्याचा नर जवळजवळ पांढरा, पंखांच्या टोकाला काळी पाचर. पिल्लांत खरी गोची, दोन्ही खालून तांबूस. तिथे मान बघायची: फिकट कॉलर आणि त्याच्या मागे गडद पट्टा असेल तर पांढुरका. गाइड हे उडत्या पक्ष्यावर दाखवतो, पुस्तकातल्या चित्रावर नाही. टॉर्च, फ्लॅश, आवाजाचं रेकॉर्डिंग सगळं बंद, आणि जागेचं लोकेशन कुणाला पाठवायचं नाही, हे आधीच बजावतो. एकदा उठवलेले पक्षी अंधारात दुसरं गवत शोधत फिरतात, म्हणून हा कडकपणा हवाच.

पण नेमक्या त्या वीस मिनिटांत सहा जणांत एक स्कोप पुरत नाही. स्वतःची दुर्बीण न्याच, आणि संध्याकाळसाठी ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०×४२ पेक्षा तिच्यातून जास्त उजेड येतो: एकीत ५.२५ मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ, दुसरीत ४.२.

सुती पँट आणि उघडे मोजे घालून गेलात तर कुसळं रात्री दोन तास उपसत बसाल. गुळगुळीत नायलॉनची पँट आणि घोट्यावर गेटर (बुटावरून चढवायचं कापडी आवरण) घाला. परतीचा पाऊस पडून गेला की काळ्या मातीत जीप रुतते, त्यामुळे एक-दोन दिवस फेरी रद्द होते. पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. फॉर्मवर ते कुठेच लिहिलेलं नाही. तारीख निवडता येत असेल तर नोव्हेंबरचे मधले दोन आठवडे, तेही आडवारी. अमूर ससाण्यांचे थवे त्याच सुमारास नागालँडहून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे जातात, पण ते इथे थांबतीलच असं नाही, आणि गाइडही तसं वचन देत नाही.